चाल कुणाची? पंचमच्या गाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या उचललेल्या चालींवर आमच्याकडे इतके प्रश्न साचले होते, की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : कॉलेजच्या दिवसांत पंचमशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. आता मुलगा मोबाइलवर एकेक परदेशी गाणं लावतो आणि म्हणतो, बाबा, हे बघा तुमचं ओरिजिनल. ‘मेहबूबा मेहबूबा’सुद्धा उचललेलं? मग आम्ही चाळीस वर्षं नेमकं कुणाचं कौतुक करत होतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हो, ‘मेहबूबा’सुद्धा. ग्रीक गायक डेमिस रूसोस यांचं ‘से यू लव्ह मी’ १९७४ साली आलं आणि ‘शोले’ १९७५ साली. दोन्हींचा मुखडा शेजारी ठेवला की वादाला जागा राहत नाही. पण गंमत पुढे आहे. रूसोस यांचीही ती चाल स्वतःची नव्हती. सायप्रसमध्ये ‘ता रिआलिया’ नावाचं लोकगीत आहे, ती चाल तिथली. म्हणजे ‘मूळ गाणं’ म्हणून मुलगा जे वाजवतो, ते अनेकदा मधलं स्टेशन असतं.

प्रत्येक गाण्याचा वेगळा हिशेब मांडा. ‘कॉपी’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. काही गाण्यांत नुसतं बीज घेतलं आहे. ‘चुरा लिया है तुमने’मध्ये सुरुवातीचा तुकडा १९६९च्या ‘इफ इट्स ट्यूझडे, धिस मस्ट बी बेल्जियम’ या अमेरिकन चित्रपटाच्या शीर्षकगीताची आठवण देतो. त्यापुढे गाणं आपल्या वाटेनं जातं. काचेवरच्या चमच्याचा किणकिणाट आणि गिटार तर सगळं इथलंच. ‘तेरा मुझसे है पहले का नाता कोई’ याच जातीचं आहे. ‘द यलो रोझ ऑफ टेक्सस’ हे जुनं अमेरिकन गाणं कवायतीच्या चालीवर पावलं टाकत जातं. ते संथ करून त्यातून अंगाईसारखं काही काढणं, ही कारागिरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार मुखड्याच्या उचलीचा, आणि सर्वांत जास्त बोलणी इथे बसतात. ‘हम किसीसे कम नहीं’मधलं ‘मिल गया हमको साथी’ (१९७७) हे स्वीडिश गायकगट ‘अ‍ॅबा’च्या ‘मामा मिया’वर (१९७५), ‘तुमसे मिलके’ (१९८९) हे लिओ सेयर यांनी गाजवलेल्या ‘व्हेन आय नीड यू’वर, ‘जहाँ तेरी ये नज़र है’ हे इराणी गायक झिया आताबाय यांच्या ‘हेले माली’वर, आणि ‘ज़िंदगी मिल के बिताएँगे’ हे ‘द लाँगेस्ट डे’ या युद्धपटाच्या संगीतावर. मुखडा हाच गाण्याचा चेहरा असतो. लोक गुणगुणतात तो मुखडा. त्यामुळे ‘अंतरा तरी त्यांचा होता’ हा बचाव तोकडा पडतो.

तिसरा प्रकार म्हणजे गाण्याचा ढाचाच घेणं. ‘आओ ट्विस्ट करें’ (१९६५) चबी चेकर यांच्या ‘लेट्स ट्विस्ट अगेन’शेजारी ऐका. तेव्हा पंचम सव्वीस वर्षांचे होते. ‘तीसरी मंज़िल’ अजून यायचा होता.

‘तीनशेहून अधिक चित्रपट केले, त्यात उचललेली गाणी किती, मूठभर,’ असा टक्केवारीचा युक्तिवाद चाहते करतात. तो आम्हाला पटत नाही. उचललेली गाणी अडगळीतली नाहीत, दर्शनी भागातली आहेत. ‘शोले’चं सगळ्यात गाजलेलं नृत्यगीत त्यात आहे. निर्माता-दिग्दर्शक परदेशी रेकॉर्ड हातात देऊन ‘अस्संच पाहिजे’ म्हणत, असं सांगितलं जातं. तसं असेलही, पण पडद्यावर ‘संगीत’ या शब्दाखाली निर्मात्याचं नाव येत नव्हतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये सापडेल. ‘मिल गया’ जिथे येतं त्याच चित्रपटात ‘क्या हुआ तेरा वादा’ आहे, ज्यासाठी रफींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्याचं कौतुक स्वीडनला पाठवा. दुसऱ्याचं घरीच राहू द्या.

प्रश्न : इंटरनेटवर रोज नवी ‘चोरी’ उघड होते. काही पटतात, काही ओढूनताणून वाटतात. संगीत शिकलेलो नाही, थोडी हार्मोनियम येते. स्वतः पडताळायची काही पद्धत आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, आणि हार्मोनियम येते म्हणजे अर्धं काम झालं.

आधी दोन्ही गाण्यांचा सा एक करा. एक गाणं काळी एकमध्ये आणि दुसरं पांढरी पाचमध्ये असेल, तर कान फसतो. खरं साम्य लपतं किंवा नसलेलं भासतं. मुखड्याची पहिली ओळ दोन्हीकडून हार्मोनियमवर काढा, एकाच पट्टीत, आणि कागदावर सरगम एकाखाली एक लिहा. सूर लिहिताना सम कुठे पडते तिथे खूण करा. ही खूण लोक विसरतात. सूर तेच पण सम वेगळ्या सुरावर असेल, तर चाल बरीच बदललेली असते.

आम्ही स्वतःसाठी ठेवलेला अंदाज असा : सलग सात-आठ सूर तेच, त्यांची लांबी-आखूड तीच आणि सम त्याच सुरावर, तर उचल. तीन-चार सूर जुळणं हे काहीच नाही. दोन भैरवी घेतल्या तर त्यात तेवढं जुळणारच. ‘चिंगारी कोई भड़के’ भैरवीत आहे म्हणून ती दुसऱ्या भैरवीची नक्कल होत नाही. तसंच ठेक्याचं. ‘पति पत्नी’ (१९६६) मधल्या ‘मार डालेगा दर्द-ए-जिगर’मध्ये पंचमनी ब्राझीलचा बोसा नोव्हा आणला. ठेका किंवा शैली आणणं म्हणजे चाल आणणं नव्हे. तसं असतं तर केरव्यातलं प्रत्येक गाणं चोरीचं ठरलं असतं.

संगणकावर करायचं असेल तर ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. दोन्ही गाण्यांचे वीस-तीस सेकंदांचे तुकडे समेपासून कापा. ‘चेंज टेम्पो’ने लय जुळवा, ‘चेंज पिच’ने पट्टी. ‘चेंज स्पीड’ वापरू नका, त्यानं दोन्ही एकदम हलतात आणि गोंधळ होतो. मग एक तुकडा डाव्या कानात, दुसरा उजव्या कानात, हेडफोन लावून ऐका. चाल एकच असेल तर दोन गायक एकाच गाण्यात आल्यासारखे वाटतात. नसेल तर तिसऱ्या-चौथ्या मात्रेलाच रस्ते फुटतात. लय पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त ओढावी लागली तर आवाज फाटतो, तेव्हा पुन्हा हार्मोनियमकडे या. ‘यलो रोझ’चं उदाहरण याच कारणानं संगणकावर नीट दिसत नाही.

व्हिडिओ बनवणारे नेमकी हीच करामत उलट करतात. मधले न जुळणारे सूर कापतात, पट्टी सरकवतात आणि चार सेकंदांचा तुकडा दहा वेळा वाजवतात. म्हणून कापलेला व्हिडिओ पुरावा धरू नका, दोन्ही गाणी पूर्ण मिळवा. तारखाही तपासा. चित्रपट ज्या वर्षी लागला त्याच्या बरेच महिने आधी गाणी ध्वनिमुद्रित झालेली असतात. एकाच वर्षात आलेल्या दोन गाण्यांबाबत कोण आधी हे ठरवताना घाई नको.

प्रश्न : माझ्याकडच्या ‘यादों की बारात’च्या कॅसेटमधलं गाणं आणि मोबाइलवरचं तेच गाणं वेगवेगळ्या पट्टीत वाजतं. खरं कोणतं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा तुमचा टेपरेकॉर्डर खोटं बोलतोय. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. ती सहा टक्के जोरात सरकली तर गाणं बरोबर एक पट्टी चढतं, काळी एकचं पांढरी दोनमध्ये जातं. तीन टक्क्यांत पाव सुराचा फरक पडतो आणि तो जास्त छळतो, कारण हार्मोनियमच्या कुठल्याच पट्टीशी जुळत नाही.

घड्याळ लावून पाहा. सीडीवर पाच मिनिटांचं गाणं तुमच्याकडे ४ मिनिटं ५१ सेकंदांत संपत असेल, तर यंत्र तीन टक्के पळतंय. उलट रेंगाळत असेल आणि सूर हेलकावे खात असतील, तर रबरी पट्टा सैल झालाय. तो बदलून घ्या. मोटरच्या मागच्या भोकात वेग लावायचा बारीक स्क्रू असतो, तो केसभरच फिरवायचा. नवा पट्टा घालायच्या आधी त्याला हात लावू नका, नाहीतर दोनदा काम. हेड आणि दाबाचं रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

मोबाइलवर आंधळा विश्वास नको हेही खरं. गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीच्या यंत्रणेनं पकडू नये म्हणून काही जण गाणी किंचित वेग बदलून चढवतात. अधिकृत चॅनेलवरचीच प्रत घ्या.

प्रश्न : सगळेच उचलत होते, मग एकट्या पंचमला का धरता? आपले सी. रामचंद्र काय कमी होते?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : कमी नव्हते. पुणतांब्याच्या या माणसानं ‘गोरे गोरे, ओ बाँके छोरे’ (१९५०) ‘चिको चिको’ या कार्मेन मिरांडाच्या गाण्यावरून बांधलं. सलील चौधरींनी ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’साठी (१९६१) मोझार्टची चाळिसावी सिंफनी घेतली. मोझार्ट जाऊन तेव्हा १७० वर्षं झाली होती, त्यामुळे हक्काचा प्रश्न नव्हता, पण उचल ती उचलच.

आपल्याकडे चाल घेणं हा कधीच गुन्हा नव्हता. ‘संगीत सौभद्र’पासूनच्या नाटकांच्या जुन्या छापील प्रती उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे मूळ गाण्याचे शब्द छापलेले असतात. किर्लोस्करांनी कानडी चाली घेतल्या, साकी-दिंडी या वृत्तांच्या चाली घेतल्या. ‘मानापमान’साठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-गझलेच्या मैफलीतून चाली आणल्या. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, उलट प्रेक्षक मूळ चीज ओळखून दाद द्यायचे. चित्रपट आला आणि कागदावरची ती एक ओळ गळाली. पंचमचं चुकलं असेल तर ते तिथे. रेकॉर्डच्या वेष्टणावर ‘चाल : अमुक’ एवढं छापलं असतं, तर तुमच्यावर आज हा प्रश्न विचारायची वेळ आली नसती. सी. रामचंद्रांनाही हीच फूटपट्टी लावा.

कायद्याचं म्हणाल तर गाणी सारखी नाहीत. लोकगीताला मालक नसतो, ‘यलो रोझ’चा हक्क कधीच संपला. ‘मामा मिया’चं तसं नाही, तिचे रचनाकार ठाऊक आहेत. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना ‘मेहबूबा’च्या सुरुवातीचा बाटल्यांचा आवाज काढायचा आहे. पाण्याचं प्रमाण कसं ठेवायचं?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : फार छान. चाल बाहेरची, पण हा आवाज पंचमच्या ताफ्याचा. बिअरच्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरून तोंडावरून फुंकर मारत तो काढला. शाळेसाठी काचेच्या एकसारख्या ६५० मिलीच्या बाटल्या घ्या. सरबताच्या चालतील. लेबलं गरम पाण्यात खायचा सोडा टाकून अर्धा तास बुडवली की निघतात.

फुंकरीनं वाजतं ते पाणी नव्हे, आतली हवा. पाणी वाढलं की हवा कमी होते आणि सूर चढतो. चमच्यानं ठोकलं तर मात्र उलट, पाणी वाढलं की सूर उतरतो. मुलं इथेच गडबडतात. एक सप्तक चढवायला हवा निम्मी करून भागत नाही, पाव करावी लागते. रिकामी बाटली सा धरली तर शुद्ध रे साठी साधारण १३७ मिली पाणी, शुद्ध ग साठी २३४, प साठी ३६१ आणि वरच्या सा साठी ४८८. बाटली खांद्याशी निमुळती होते आणि मानेतली हवाही मोजावी लागते, त्यामुळे शेवटचे दहा-वीस मिली ड्रॉपरनं, कानानं लावा.

रिकामी बाटली हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या मधेच बोलली तर सा च्या बाटलीतही थोडं पाणी घाला, पट्टी जुळेपर्यंत. मग उरलेल्या हवेच्या ७९ टक्के हवा रे ला, ६४ टक्के ग ला, ४४ टक्के प ला, २५ टक्के वरच्या सा ला ठेवा. फुंकर बाटलीत नव्हे, खालचा ओठ काठाला टेकवून समोरच्या काठावर मारायची. नुसती ‘फुस्स’ येत असेल तर बाटली किंचित आपल्याकडे झुकवा. एका मुलाकडे एकच बाटली द्या. सलग फुंकलं की चक्कर येते, म्हणून तालमीत दर मिनिटाला थांबवा. पाणी त्याच दिवशी भरा, पाण्याच्या पातळीची रेघ तेलपेनानं आखून ठेवा.

‘मेरे सामने वाली खिड़की में’चा खरखराटही करता येईल : जाड दात्यांचा कंगवा, खडबडीत पृष्ठभाग, आणि लयीत घासणारा हात. माइक एका वितीवर.

प्रश्न : आमचं मंडळ २७ जूनला पंचमची जयंती साजरी करतं. निवेदनात उचललेल्या चालींचा उल्लेख केला तर लोक नाराज होतात, नाही केला तर आम्हालाच खटकतं.
— एक कार्यकर्ता, ठाणे

उत्तर : भाषण करू नका. नाटकवाल्यांची रीत उचला. पत्रिकेत आणि निवेदनात एकच ओळ : ‘पुढचं गाणं. चाल : अ‍ॅबा, मामा मिया, १९७५. हिंदी रूप आणि वाद्यमेळ : राहुल देव बर्मन. शब्द : मजरूह सुलतानपुरी.’ एवढं म्हणून गाणं सुरू. टाळ्या कमी पडत नाहीत. शक्य असेल तर कीबोर्डवाल्याला मूळ गाण्याच्या चार ओळी वाजवायला सांगा आणि तिथून थेट हिंदीत उडी घ्या. पट्टी आधी जुळवून ठेवा, नाहीतर सांधा दिसतो.

त्याच पत्रिकेत ताफ्याची नावं घाला. पंचमच्या श्रेयनामावलीत ‘बासु-मनोहारी-मारुती’ अशी साहाय्यकांची तिकडी दिसते. त्यातले मारुती म्हणजे आपले मारुतीराव कीर, तालाची बाजू सांभाळणारे. मनोहारी सिंग सॅक्सोफोनचे, बासु चक्रवर्ती चेलोचे. मादल, म्हणजे नेपाळी ढोलकी, रणजित गजमेर ऊर्फ कांचा यांची, आणि ‘घर’पासून ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’पर्यंत संतूर उल्हास बापट यांचं. परदेशी रचनाकाराचं नाव गाळलं म्हणून आपण ओरडतो आणि घरच्या वादकांची नावं आपणच गाळतो.

परवान्याचं लक्षात ठेवा. तिकीट लावून वाद्यवृंद गाणार असेल तर रचनेसाठी ‘आयपीआरएस’ या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून, आणि मध्यंतरात मूळ ध्वनिमुद्रण वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा वेगळा परवाना, जो ‘पीपीएल’सारखी संस्था किंवा कंपनी देते. अर्ज निदान पंधरा दिवस आधी, गाण्यांच्या यादीसह. हौशी मंडळानं प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सवलत आहे. पण प्रायोजक आणि देणगी-प्रवेशिका आल्या की ती सांगणं अवघड होतं.

प्रश्न : उचललेली वगळून पंचम ऐकायचा तर सुरुवात कुठून करू? वय २३.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : १९७२चे दोन रात्रीचे तुकडे : ‘अमर प्रेम’मधलं ‘रैना बीती जाए’ आणि ‘परिचय’मधलं ‘बीती ना बिताई रैना’. मग ‘बहारों के सपने’मधलं ‘क्या जानूँ सजन’ हेडफोनवर. लताबाईंच्या आवाजावर त्यांचाच आवाज चढवलेला आहे, १९६७ साली. वीस वर्षांनी तीच कल्पना ‘इजाज़त’मधल्या ‘कतरा कतरा’मध्ये आशाबाईंच्या आवाजात येते, ती लगेच पाठोपाठ ऐका. त्याच ‘इजाज़त’मधलं ‘मेरा कुछ सामान’ सर्वांत शेवटी. ना मीटर, ना यमक. कागदावर वाचून पाहा आणि मग चाल लावून दाखवा कुणीतरी.

प्रश्न : ‘तेरे बिना ज़िंदगी से’ही बंगालीतून चोरलं आहे ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘जेते जेते पोथे होलो देरी’ या दुर्गापूजेसाठी काढलेल्या बंगाली गाण्यावरून आलं आहे, आणि ते गाणंही पंचमचंच. यादीतून हे नाव खोडा.